भोक ठेवायचं, तर कडा बांधाव्या लागतात

लेबनॉनची राजधानी बैरूत, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक मोठं मोझेक आहे. पाचव्या-सहाव्या शतकातलं. मेंढपाळ आणि त्याच्या भोवतीची जनावरं, सगळं बारीक रंगीत खड्यांत बसवलेलं. त्याच्या खालच्या अंगाला एक भोक आहे. यादवी युद्धाच्या काळात एक बंदूकधारी या दालनात ठाण मांडून होता. बाहेरच्या रस्त्यावर नेम धरायला त्याला झरोका हवा होता. ज्या भिंतीत तो पाडायचा, त्याच भिंतीवर दीड हजार वर्षांपूर्वीचं मोझेक होतं. युद्ध संपल्यावर संग्रहालयाची दुरुस्ती झाली, मोझेक साफ झालं, भोक मात्र तसंच ठेवलं गेलं.

मी मुंबईत जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. बैरूतहून परतल्यावर त्या मोझेकचा फोटो आमच्याकडे चुन्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, एवढं सगळं केलं आणि हे भरायचं राहिलं?" मी म्हटलं, राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "ठेवायचं तर ठेवा. पण भोक ठेवायचं, तर कडा बांधाव्या लागतात. नाहीतर एकेक खडा गळत जातो आणि मग भिंतीवर काही उरत नाही."

हे वाक्य ते कामाचं म्हणून बोलले. चुन्याचं बारीक बोट कडेनं फिरवायचं, सुटत आलेले खडे पकडून ठेवायचे, एवढाच त्यांचा अर्थ. मला मात्र युद्धानंतरच्या बैरूतमधली कला आणि वास्तुकला समजून घ्यायला याहून चांगली कसोटी मिळालेली नाही.

हे संग्रहालय 1942 मध्ये उघडलं. दमास्कसकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर ते आहे, तोच रस्ता 1975 पासून पूर्व आणि पश्चिम बैरूतमधली सीमारेषा झाला. लोक तिला हरित रेषा म्हणत. संग्रहालयासमोरचा नाका ही ती रेषा ओलांडायच्या मोजक्या वाटांपैकी एक, त्यामुळे इमारत अगदी माऱ्याच्या तोंडावर होती. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरिस शहाब आणि त्यांच्या पत्नी ओल्गा शस्त्रसंधी असेल तेव्हा आत जात. लहान वस्तू त्यांनी तळघरात नेल्या आणि पुढे भिंत घालून बंद करून टाकल्या. जमिनीवरच्या मोझेकांवर प्लॅस्टिक अंथरून वर काँक्रीटचा थर दिला. मोठ्या शवपेट्या आणि पुतळे हलवता येण्यासारखे नव्हते. त्यांच्याभोवती आधी वाळूची पोती रचली आणि ती पुरेनात तेव्हा साचे लावून सरळ काँक्रीट ओतलं.

आमच्या धंद्यात काँक्रीटला हेरिटेजचा शत्रू मानतात. दगडाच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा हात फिरलेला दिसला की आम्ही कळवळतो. इथे त्याच काँक्रीटनं प्राचीन फिनिशियन राजा अहीरामची शवपेटी वाचवली. 1994 च्या अखेरीस शहाब गेले. ते खोके फोडण्याचं काम त्यानंतरचं. संग्रहालयात त्याची छोटी फिल्म दाखवतात. यंत्रानं काँक्रीट कापलं जातं, ढलपा बाजूला होतो आणि आतून संगमरवराचा एक पांढरा तुकडा दिसतो. तळघर तर लोकांसाठी 2016 मध्ये उघडलं. तिथे माणसाच्या आकाराच्या 31 शवपेट्या एका रांगेत मांडल्या आहेत, एकेकीवर एकेक चेहरा. शहाबांनी हे सगळं पुन्हा उजेडात आलेलं पाहायला हवं होतं, असं तिथे उभं राहून फार वाटलं.

बैरूतमधलं युद्ध 1975 ते 1990 चाललं. सुमारे दीड लाख माणसं मेली असं मानतात. बेपत्ता झालेल्यांचा आकडा 17,000 सांगितला जातो. 1991 मध्ये सरसकट माफीचा कायदा झाला आणि टोळ्यांचे पुढारी मंत्री झाले, आमदार झाले. शाळेतला इतिहास स्वातंत्र्याच्या आसपास येऊन थांबतो. युद्धाबद्दल सगळ्यांना मान्य होईल असा एकही धडा आजवर लिहिला गेलेला नाही. बेपत्ता लोकांच्या घरच्यांनी, त्यात बहुतेक बायका, 1982 पासून संघटित होऊन पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2018 मध्ये त्यांचा शोध घेण्याचा कायदा झाला. ज्या देशात न्यायालयानं, पाठ्यपुस्तकानं आणि सरकारनं गप्प राहायचं ठरवलं, तिथे बोलायचं काम चित्रकार, छायाचित्रकार आणि वास्तुविशारदांवर येऊन पडलं. कलेवर एवढा भार पडू नये, असं मला मनापासून वाटतं. पण तो पडला, आणि काहींनी तो फार प्रामाणिकपणे उचलला.

सरकारच्या बाजूनं उभं राहिलेलं मोठं स्मारक एकच सांगता येईल. शहराबाहेर यार्झे इथे, सैन्याच्या मुख्यालयाजवळ, फ्रेंच शिल्पकार आर्मान यांनी 1995 मध्ये दहा मजली उंचीचा काँक्रीटचा मनोरा उभारला आणि त्यात 78 रणगाडे आणि लष्करी गाड्या चिणल्या. दृश्य जबरदस्त आहे. पण रणगाडे कुणाचे, कुणावर चालले, यातलं अक्षरही तिथे कळत नाही. शांततेची आशा हे नाव दिलं की सगळ्यांची सुटका होते.

मग मध्य बैरूत. युद्धाआधी इथे बाजार होते, बस आणि टॅक्सींचे अड्डे होते, सिनेमागृहं होती. त्या काळी युरोपला जाणारी एअर इंडियाची विमानं बैरूतला थांबत. 1966 च्या जानेवारीत माँ ब्लाँवर कोसळलेलं होमी भाभांचं विमानही मुंबईहून निघून दिल्ली आणि बैरूतला थांबून पुढे गेलं होतं. तेव्हाच्या मुंबईकर प्रवाशाला बैरूत म्हणजे खिडकीतून दिसणारा निळा समुद्र आणि मागचे डोंगर एवढं तरी माहीत असायचं. नंतर ते नाव आपल्याकडे फक्त बातम्यांतून येत राहिलं.

हा मधला भाग पुन्हा बांधण्यासाठी 1994 मध्ये सोलिदेर नावाची खाजगी कंपनी निघाली. तिच्यामागे पंतप्रधान रफीक हरीरी होते. ज्यांच्या जागा या भागात होत्या, त्या मालकांना आणि भाडेकरूंना जागेऐवजी कंपनीचे शेअर मिळाले. दुकान द्या, कागद घ्या. मग बुलडोझर फिरले. युद्धानं पाडलं त्याहून जास्त पुनर्बांधणीनं पाडलं, असं बैरूतमध्ये कुणीही सांगतं. राडारोडा आणि कचरा समुद्रात लोटून नवी जमीन केली. जुन्या बाजारांच्या जागी राफाएल मोनेओ या मोठ्या स्पॅनिश वास्तुविशारदाच्या आराखड्यावर 2009 मध्ये नवे सूक, म्हणजे बाजार, उघडले. इमारत म्हणून त्यात खोट काढणं अवघड आहे. प्रमाण उत्तम, सावली उत्तम, जुन्या गल्ल्यांची नावंही राखली आहेत. पण तिथे कोथिंबिरीची जुडी मिळत नाही.

सोलिदेरचे लोक म्हणतील, की दिवाळखोर सरकारच्या हातून हे कधीच झालं नसतं. तेही खोटं नाही. फ्रेंच अमलातल्या कितीतरी इमारतींचे दर्शनी भाग त्यांनी दगड न् दगड सांभाळून दुरुस्त केले, आणि ते काम पाहून मी थक्क झाले. मला खुपतं ते एवढंच, की पिवळसर दगड इतका स्वच्छ घासलाय, सांधे इतके नेटके भरलेत, की इथे पंधरा वर्षं काय चाललं होतं याची पुसटशी खूण उरलेली नाही. सगळी भोकं बुजवली आहेत. हरीरींचा मृत्यूही याच परिसराच्या कडेला झाला. 14 फेब्रुवारी 2005 ला त्यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर सेंट जॉर्ज हॉटेलसमोर स्फोट झाला. त्या हॉटेलच्या दर्शनी भागावर सोलिदेरच्या निषेधाचा अवाढव्य फलक कैक वर्षं लटकत होता.

शहीद चौकातला कांस्य पुतळ्यांचा समूह मात्र अपवाद. इटालियन शिल्पकार मात्साकुराती यांचं हे 1960 मधलं काम. युद्धात त्याची चाळण झाली. डागडुजीसाठी तो हलवला आणि 2004 मध्ये परत आणून बसवला, तेव्हा गोळ्यांची भोकं तशीच ठेवली होती. आकृत्या घट्ट उभ्या राहतील एवढं काम केलं आणि बाकी हात आवरला. जवळच 'अंडं' आहे. जोसेफ फिलिप करम यांनी 1960 च्या दशकात बांधलेलं, उघड्या काँक्रीटचं, खांबांवर तोललेलं सिनेमागृह. ते पाडायचे बेत अनेकदा झाले. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा तरुण मुलं त्यात शिरली आणि त्या काळ्या, अर्धवट पोकळीत अर्थशास्त्राची, राजकारणाची व्याख्यानं झाली. कुणाच्याही आराखड्यात नव्हतं, तरी वास्तू त्या दिवसांत पुन्हा सभागृह झाली. आमच्यासारख्यांनी कितीही अहवाल लिहिले तरी एखाद्या वास्तूचा असा वापर कागदावर सुचत नाही.

आता कलाकारांकडे वळते, कारण इमारतींच्या बाबतीत जे बैरूतला करता आलं नाही, ते पुष्कळदा कलाकृतींत झालं आहे. क्रिस्तीन तोहमे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अश्कल अलवान ही संस्था काढली. अरब जगातली जुनी छायाचित्रं गोळा करणारं अरब इमेज फाउंडेशन 1997 मध्ये निघालं. हातात पैसा नाही, सरकारी आधार नाही, आणि तरी एका पिढीनं युद्ध हाच विषय धरून काम केलं.

मरवान रशमावी यांचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं. 'बैरूत काउचुक' हा त्यांनी रबरात ओतलेला शहराचा नकाशा आहे. काळा, जमिनीवर पसरलेला, वस्त्यांच्या हद्दींवर कापलेले 60 तुकडे एकमेकांना जोडून ठेवलेले. रस्ते, पूल सगळं उठावात. त्यावरून चालायची मुभा असते. रबर माती धरतं, बुटांचे ठसे धरतं, आणि पावलाखाली दबून पुन्हा वर येतं. ज्या शहरात कुठल्या वस्तीतून कुठल्या वस्तीत जायचं याचा हिशेब जिवाशी होता, त्याच्या नकाशावरून लहान मुलं खुशाल धावतात.

त्यांचंच दुसरं काम बुर्ज अल मुर या इमारतीवर आहे. हा मनोरा 1974 च्या सुमारास बांधायला घेतला, चाळीस मजल्यांचा. युद्ध आलं आणि काम थांबलं, मग वर नेमबाज बसले. आजही तो खिडक्यांची रिकामी भगदाडं घेऊन उभा आहे. काँक्रीट इतकं दणकट आणि शेजार इतका दाट, की सुरुंग लावून पाडणं धोक्याचं; वापरावा म्हटलं तर आतली उंची आणि जिने कशाच्याच कामाचे नाहीत. रशमावींनी काँक्रीटमध्येच त्याची माणसापेक्षा थोडी उंच प्रतिकृती केली. नाव दिलं 'जिवंतांसाठी स्मारक'. शहरभर दिसणाऱ्या या राक्षसाकडे बैरूतची माणसं बघायचं टाळतात, आणि दालनात त्यांना त्याच्याभोवती फिरून चारही बाजू पाहाव्या लागतात. 2018 मध्ये जाद अल खुरी या तरुण कलाकारानं मूळ मनोऱ्याच्या खिडक्यांत रंगीबेरंगी पडदे लावले. वाऱ्यावर ते फडफडायचे. फार दिवस ते टिकू दिले गेले नाहीत. मला ते काम आवडलं, पण रशमावींच्या काँक्रीटइतकं ते माझ्या आत शिरलं नाही. पडद्यांनी मनोऱ्याला क्षणभर हलकं केलं. प्रतिकृती त्याला हलकं होऊच देत नाही.

जोआना हाजीथॉमस आणि खलील जोरेज या जोडीनं 1997 मध्ये बैरूतचा एक भलामोठा हवाई फोटो घेतला, त्याचे 3,000 तुकडे केले आणि आरशावर चिकटवले. येणाऱ्यानं एक तुकडा काढून घरी न्यायचा. जसजसे तुकडे जातात तसतसं शहर कमी होतं आणि आरशात बघणाऱ्याचा चेहरा दिसू लागतो. तुकड्याच्या मागे छापलेलं असतं, की बैरूत अस्तित्वात नाही. वलीद राद यांचं काम याहून कोरडं, आणि माझ्या मते अधिक खोल. कारबॉम्ब फुटला की गाडीची चिंधडी होते, इंजिन मात्र बरंचसं शाबूत राहतं आणि कुठेतरी लांब, एखाद्या गच्चीवर किंवा गल्लीत, जाऊन पडतं. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ते शोधायला धावत. राद यांनी असे जुने फोटो जमवून, त्यांच्या मागच्या शिक्क्यांसह, 100 चौकटी मांडल्या. फोटोत इंजिनाभोवती माणसं उभी असतात, पोलीस, दुकानदार, पोरं. सगळे खाली बघत असतात. प्रेत कुठेच नाही. यातली छायाचित्रं खरी आहेत, पण 'अ‍ॅटलस ग्रुप' या ज्या संग्रहाच्या नावाखाली राद यांनी वर्षानुवर्षं काम केलं, तो आणि त्यातले इतिहासकार त्यांनी कल्पिलेले. सुरुवातीला मला याचा राग आला होता. एवढ्या खऱ्या मरणांशेजारी कल्पित माणसं कशाला? नंतर पटत गेलं, की ज्या देशानं खरा दप्तरखानाच उघडला नाही, तिथे त्याची रिकामी जागा दाखवायला एक खोटा दप्तरखाना उभारावा लागतो.

सलोआ रौदा शुकैर यांच्या एका चित्राबद्दल इथेच लिहिते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेलं अमूर्त चित्र, भौमितिक आकारांचं. 1980 च्या दशकात घराजवळ स्फोट झाला आणि काचांनी कॅनव्हास फाडला. फाटलेल्या जागा आणि आत रुतलेली काच ठेवूनच ते 2013 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं. शुकैरबाई तेव्हा नव्वदी कधीच ओलांडून गेल्या होत्या. त्यांनी आयुष्यात युद्धावर चित्र काढलं नाही. युद्धच येऊन त्यांच्या चित्राला लागलं.

आणि आता ती इमारत, जिच्यासाठी मी खरं तर बैरूतला गेले. सोदेकोच्या चौकातली बरकात इमारत, आता 'बैत बैरूत'.

1924 मध्ये युसुफ अफ्तिमुस यांनी ती बांधली, 1930 च्या दशकात फुआद कोझाह यांनी वर मजले चढवले. पिवळट वालुकी रंगाचा दगड, नाजूक खांब, लोखंडी कठडे. कोपऱ्यावरच्या इमारतीचा कोपरा सहसा भरलेला असतो, तिथे सर्वांत रुबाबदार खोली काढतात. अफ्तिमुस यांनी तो कोपरा मोकळा सोडला. दोन बाजूंचे दोन भाग आणि मधे खांबांची उघडी सज्जा. त्यामुळे अगदी मागच्या खोलीतूनही, एकामागच्या एक दारांतून आणि त्या मोकळ्या कोपऱ्यातून, थेट रस्ता दिसतो. राहणाऱ्यांना हवा मिळावी, उजेड मिळावा, चौक दिसावा म्हणून केलेली ही उदार योजना. युद्धात हरित रेषा नेमकी या चौकातून गेली आणि नेमबाजांनी हीच योजना ओळखली. मागच्या खोलीत, तीन-तीन भिंतींच्या आड, वाळूची पोती आणि काँक्रीट रचून आडोसा करायचा, फटीतून बघायचं. समोरचा अख्खा चौक टप्प्यात आणि बाहेरून नेमबाज कुणाला दिसणार नाही.

त्या आडोशामागे मी उभी राहिले. फट अरुंद, तिरकी कापलेली, आतून रुंद आणि बाहेर निमुळती. डोळा लावला की समोर रस्ता ओलांडणारी बाई दिसते, तिची पिशवीही दिसते. त्या क्षणी अंगावर काटा आला तो गोळ्यांच्या खुणांनी नव्हे. एका चांगल्या वास्तुविशारदानं माणसाच्या सुखासाठी आखलेली नजरेची रेषा दुसऱ्या कुणीतरी जशीच्या तशी वापरली, हे पाहून आला. वास्तुकला शिकवताना आम्ही मुलांना 'व्हिस्टा'बद्दल किती आनंदानं सांगतो. तेव्हापासून ते सांगताना माझी जीभ अडखळते.

ही इमारत 1990 च्या दशकात पडणारच होती. मोना हल्लाक नावाच्या तरुण वास्तुविशारदबाई त्यात शिरल्या, आत सापडलेल्या वस्तू गोळा करू लागल्या आणि लेख, निवेदनं, सह्यांची मोहीम यांनी तिच्यासाठी झगडल्या. वर एका दंतवैद्याच्या घरातलं सामान होतं, तळमजल्यावरच्या फोटो स्टुडिओतल्या निगेटिव्ह हजारोंनी पडल्या होत्या: लग्नं, मुंजीच्या वयाची पोरं, पासपोर्टसाठी ताठ बसलेले चेहरे. 2003 मध्ये महापालिकेनं इमारत ताब्यात घेतली आणि दुरुस्तीचं काम वास्तुविशारद युसुफ हैदर यांच्याकडे आलं. हैदर यांनी निखळलेला दगड पुन्हा घडवला नाही. जिथे खांब तुटला होता तिथे करड्या पोलादाचा आधार दिला, आणि तो आधार आहे हे लपवलं नाही. गिरगावातल्या चाळींना लावलेले टेकू ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच, की आपला टेकू सक्तीचा आणि तात्पुरता असतो, हा विचार करून कायमचा दिला आहे. नेमबाजांचे आडोसे, भिंतीवर त्यांनी खरडलेल्या ओळी, सगळं जागेवर. मिस्त्रींच्या भाषेत, कडा बांधल्या आणि भोक ठेवलं.

माझी तक्रार इमारतीबद्दल नाही. इतक्या वर्षांच्या झगड्यानंतर 2017 मध्ये तिथे पहिलं प्रदर्शन झालं, झेना अल खलील यांचं, आणि त्यानंतर ही वास्तू उघडी कमी, बंद जास्त राहिली. युद्धाच्या आठवणींचं संग्रहालय करायचं तर आत कोणता इतिहास लिहायचा यावर एकमत हवं, आणि ते नाही. मग दाराला कुलूप. दगड वाचवण्याचं काम आम्हाला जमतं. दार उघडं ठेवण्याचं काम आमच्या हातात नसतं, आणि ते झालं नाही तर वाचवलेला दगड मुका राहतो.

बर्नार खुरी यांच्या 'बी झीरो एटीन' या नाइटक्लबबद्दल दोनच वाक्यं लिहिते, कारण मी अजून त्याच्याशी भांडते आहे. 1976 च्या जानेवारीत ज्या कारान्तिना वस्तीत निर्वासितांची कत्तल झाली, तिथे 1998 मध्ये त्यांनी जमिनीखाली क्लब बांधला, थडग्यांसारखी आसनं, आकाशाकडे उघडणारं पोलादी छप्पर. वास्तू बुद्धिमान आहे, धाडसी आहे, जगभर गाजली. पण त्या वस्तीतून वाचलेल्या कुणाला ती बांधताना काही विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

4 ऑगस्ट 2020 ला संध्याकाळी 6 वाजून 7 मिनिटांनी बंदरात साठवलेल्या 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसं मेली, हजारो जखमी झाली, तीन लाखांच्या आसपास बेघर. युद्धोत्तर म्हणवणाऱ्या शहराला पुन्हा काच झाडत बसावं लागलं. 1912 च्या सुरसोक वाड्यातलं संग्रहालय पाचच वर्षांपूर्वी नूतनीकरण होऊन उघडलं होतं. त्याच्या रंगीत काचांच्या खिडक्या उडाल्या. त्या खिडक्या माया हुसेनी यांनी आधी घडवल्या होत्या, स्फोटानंतर त्यांनीच पुन्हा घडवल्या, आणि संग्रहालय 2023 च्या मे महिन्यात उघडलं. इथे मी भोकं बुजवण्याच्या बाजूनं आहे. खिडकीला काच हवी, आणि ती करणारे हात तेच होते.

बंदरापासून जवळच लीना गोतमे यांनी आराखडा केलेली 'स्टोन गार्डन' ही उंच निवासी इमारत तेव्हा नुकतीच पुरी होत आली होती. बाहेरचा गिलावा मातकट, कंगव्यानं ओढावं तसा कारागिरांनी हातानं ओढलेला, मजल्यामजल्यावर लहानमोठ्या आकाराच्या खिडक्या आणि त्यांत झाडं. भोकं पडलेल्या इमारती बघत वाढलेल्या मुलीनं मोठेपणी भोकाची खिडकी केली. स्फोटात काचा गेल्या, गिलावा टिकला. कारागिराच्या हाताचे ते ओरखडे जवळून बघितले की हात लावावासा वाटतो, आणि मी लावला.

याउलट नदीम करम यांनी बंदरातल्याच भंगार पोलादातून 25 मीटर उंच मानवाकृती केली आणि पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास ती तिथे उभी राहिली. मृतांच्या काही नातेवाइकांनी तीव्र हरकत घेतली. चौकशी झालेली नाही, दोषी मोकळे, आणि स्मारक तयार! करम यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या नातेवाइकांचं बरोबर होतं. जखम वाहत असताना तिच्यावर शिल्प बसवता येत नाही.

त्याच स्फोटात अमेरिकन विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयातलं एक कपाट कोसळलं. रोमन, बायझंटाईन आणि इस्लामी काळातली 74 काचपात्रं होती, 72 फुटली. कपाटाच्या आणि खिडकीच्या आधुनिक काचेत ती मिसळून गेली. फ्रान्सहून आलेल्या काचसंवर्धक बाईंबरोबर तिथल्या लोकांनी जमिनीवर बसून एकेक तुकडा वेगळा केला. जुनी काच पातळ, हिरवट, बुडबुड्यांची. नवी जाड आणि स्वच्छ. त्यांतली आठ पात्रं लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जोडली गेली आणि 2022 मध्ये तिथे मांडली. जोड दिसतील अशीच ठेवली. आपल्याकडे एखाद्या जीर्णोद्धार समितीसमोर ही चित्रं मी दाखवते, तेव्हा 'मॅडम, नवं करून टाका की' म्हणणारेही थोडा वेळ गप्प होतात.

राहिला प्रश्न धान्याच्या कोठारांचा. कुवेतच्या मदतीनं 1970 च्या सुमारास बंदरात बांधलेली ही 48 मीटर उंचीची काँक्रीटची कोठारं. स्फोटाचा मार त्यांनी अंगावर घेतला आणि पश्चिमेकडचं शहर काही प्रमाणात वाचलं. 2022 च्या एप्रिलमध्ये सरकारनं ती पाडायचं ठरवलं. मृतांच्या कुटुंबांनी विरोध केला: न्याय होईपर्यंत हा साक्षीदार उभा राहिला पाहिजे. त्या उन्हाळ्यात आत सडत पडलेल्या धान्यानं पेट घेतला, आठवडे धुमसला, आणि उत्तरेकडचा भाग टप्प्याटप्प्यानं कोसळला. त्यातला एक मोठा भाग 4 ऑगस्टलाच, लोक दुसऱ्या स्मृतिदिनाला जमलेले असताना पडला.

दक्षिणेकडची कोठारं उभी राहिली. त्यांचा पाया वेगळा आहे आणि कलण्याची मापं घेणाऱ्या अभियंत्यानं ती बरीच स्थिर असल्याचं सांगितलं. तडे किती रुंदावतात ते मोजत राहायचं, उघड्या सळयांना गंज चढू द्यायचा नाही, वरून पावसाचं पाणी आत झिरपू द्यायचं नाही, सुटलेले ढलपे पकडून ठेवायचे. याला पैसा लागतो, पण यात कुणाला न येणारं असं काही नाही. स्फोटाची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांचं काम वर्षानुवर्षं अडवलं गेलं आणि 2025 च्या सुरुवातीला पुन्हा चालू झालं. ती कुटुंबं महिन्याच्या 4 तारखेला बंदराजवळ जमत आली आहेत, आपापल्या माणसाचा फोटो घेऊन. जो कुणी या कोठारांचा आराखडा करील, त्यानं मोजमापाची टेप काढण्याआधी एका 4 तारखेला तिथे जाऊन त्यांच्यात बसावं आणि ते काय मागतात ते लिहून घ्यावं.